करवीरचे तीन दिवस आणि बाबांच्या हातातला दोर

मी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतो. आगबोटींची वेळापत्रकं, आगगाड्यांची वेळापत्रकं, लग्नपत्रिका, पंचांग, सगळं माझ्या हातून उलट्या अक्षरांनी जातं आणि सुलटं होऊन गावभर हिंडतं. दुसऱ्यांचे प्रवास जुळवण्यात माझी निम्मी हयात गेली. मी स्वतः मालवणहून मुंबईला आलो तो आलोच, पुढे कुठे पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून यंदा चैत्रात जायचं ठरलं, तेव्हा मी आमच्या प्रवासाचं वेळापत्रकच छापून काढलं. जाड कार्ड, चारी कडांना वेलबुट्टी, आणि तासातासाची आखणी. आमच्या सौभाग्यवतींनी ते दूर धरून वाचलं आणि म्हणाल्या, "सगळं आहे. श्वास कधी घ्यायचा तेवढं लिहायचं राहिलं."

बेत असा होता. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रत्नागिरी. तिथून बैलगाडीनं आंबा घाट चढून कोल्हापूर. कोल्हापुरात तीन दिवस मुक्काम, चौथ्या सकाळी आगगाडीनं मिरज, आणि तिथलं काम आटोपून रेल्वेनंच मुंबई. कार्डावर मिरजेपुढे मी फक्त 'काम' एवढंच छापलं होतं. ते काम म्हणजे माझ्या वडिलांचे डोळे.

बाबा मालवणचे तांडेल (गलबताचे कप्तान). चाळीस वर्षं त्यांनी वाऱ्यावर माल नेला आणि आणला. मग आगबोटी वाढल्या, माल तिकडे गेला, आणि तीन वर्षांपूर्वी बाबांचं गलबत लाकडाच्या भावानं मोडीत निघालं. त्यापाठोपाठ त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एका ओळखीच्या गलबतातून ते आमच्याकडे गिरगावात राहायला आले. दारात माणूस आला हे त्यांना कळे, कोण आला ते कळत नसे. आमच्या छापखान्याच्या मालकांच्या आईला मिरजेच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून दृष्टी दिली होती. मालकांकडून चिठ्ठी मिळवून मी बाबांपुढे चार वेळा विषय काढला. चारही वेळा ते भिंतीकडे तोंड करून निजले.

तेव्हा मी युक्ती केली. आम्ही दोघांनीच निघायचं. आधी त्यांना समुद्र द्यायचा, मग तीन दिवस एक नवं शहर, आणि माणूस खुशीत आला की हळूच गोष्ट काढायची. कार्डावर ती वेळसुद्धा नेमली होती: 'दिवस दुसरा, सायंकाळी पाच. रंकाळा तलाव. बाबांशी बोलणे.' बाबांना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं तरी भीती नव्हती.

समुद्रानं मात्र पहिल्याच घासाला खडा लावला. जन्मभर गलबत हाकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा उतारू म्हणून आगबोटीवर चढत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा डेकावर गेले, धुराड्याकडे पाठ करून बसले, आणि जयगड येईपर्यंत दोन वाक्यं बोलले. पहिलं, "ही कसली होडी? ही तर पाण्यावरची चूल." दुसरं जयगडापाशी, मान जराशी वळवून, "वारो फिरलो." वारा फिरला हे माझ्या गावीही नव्हतं. मी पोटातली आमटी जागच्या जागी ठेवण्याच्या खटपटीत होतो.

रत्नागिरीस आगबोट धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावात (किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत) उतरावं लागतं. पडाव एकदा छातीपर्यंत वर येई, एकदा विहिरीत गेल्यासारखा खाली जाई. बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले, दोरखंडाला नुसता हात लावला, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीला घरच्या ओटीवरून उतरावं तसे पडावात उतरले. मागून मी पहिल्याच लाटेला उडी घेतली. मी वाचलो, पण माझा डाव्या पायातला बूट अरबी समुद्राला मिळाला.

बंदरावर दस्तगीरमामा भेटले. हे कोल्हापूरचे गाडीवान, पन्नाशीचे, दाढीला मेंदी, आणि आवाज असा की शेजारच्या गाडीचे बैलही ऐकून चालायला लागावेत. शाहूवाडीचा तांदूळ खाली आणायचा आणि परतताना मिळेल तो उतारू घ्यायचा, हा त्यांचा नेम. माझ्या पायांकडे बघून ते म्हणाले, "पावणं, एकाच पायात घालायची चाल हाय व्हय म्हमईत?" मग गाडीच्या पेंढ्याखालून आपल्या जुन्या वहाणा काढून माझ्यापुढे टाकल्या. "घाला. कोल्हापूर म्हंजी वहाणांचं गाव हाय. तिथं ग्येल्यावर नव्या घ्या की."

गाडीनं तीन दिवस लागले. पालीपर्यंत घाम, साखरप्यापर्यंत धूळ, आणि आंबा घाटात मात्र असा गारवा की बाबांनी घोंगडी मागितली. मी कार्ड बघून ठिकाणांची नावं मोठ्यानं सांगत होतो. उजवीकडे दरी, डावीकडे जंगल, असं वर्णनही करत होतो. बाबा हूं म्हणत. एका वळणावर दस्तगीरमामांनी बैल थांबवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी त्येस्नी डोंगार कशाला दावताय? त्येस्नी दिसतं का?" मी म्हटलं, दिसत नाही म्हणून तर सांगतो. त्यावर ते म्हणाले, "मग वास तरी घिऊ द्या की. सारकं बोलत बसलासा तर वास बी येत न्हाय." मी गप्प बसलो. थोड्या वेळानं बाबा आपणहून म्हणाले, "करवंदां पिकलीहत खंयतरी." खरोखरच पुढच्या वळणावर एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती.

शाहूवाडीत भाताची खाचरं रिकामी होती आणि लोक पुढच्या पेरणीसाठी तरवे (रोपांचे वाफे) भाजत होते. निळसर धूर डोंगराला धरून पसरलेला. बांबवड्यापुढे मात्र रस्त्यावर माणसं वाढू लागली. डोक्यावर गाठोडी, पाय धुळीचे, कपाळ गुलालाचं, आणि तोंडी एकच, "जोतिबाच्या नावानं चांगभलं." मी दस्तगीरमामांना विचारलं, ही गर्दी कसली.

त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की बैलांनीही वळून बघितल्यासारखं मला वाटलं. "पावणं, चैताची पुनव चार दिसांवर आली. जोतिबाची जत्रा न्हाय का? अर्धं कोल्हापूर डोंगरावर ग्येलंय, उरल्यालं वाटंवर हाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. हे शब्द मी स्वतःच्या हातानं पंचांगात जुळवले होते, एक एक खिळा उचलून, उलटे. आम्हा खिळे जुळवणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. अक्षर पाहतो, काना मात्रा पाहतो, पण काय लिहिलंय ते डोक्यात जात नाही. आगबोटीचं बघितलं, आगगाडीचं बघितलं, आणि ज्या गावी जायचं त्या गावाचा सगळ्यात मोठा दिवस मी साफ विसरलो होतो.

शाहूपुरीत, म्हणजे महाराजांनी वसवलेल्या नव्या व्यापारी पेठेत, एका ओळखीच्या शिक्षकांकडे आमची उतरायची सोय होती. त्यांच्या दाराला पितळी कुलूप होतं. शेजारणीनं खिडकीतून सांगितलं, "मास्तर जोतिबाच्या काठीसंगं ग्येलं. पुनव झाल्याबिगर यायचं न्हाईत." रस्ताभर दुकानांच्या फळ्या लावलेल्या. वहाणांच्या गावात वहाणेचं एक दुकान उघडं नव्हतं. मी दस्तगीरमामांच्या जुन्या वहाणांत बोटं आवळून उभा, बाबा गाडीत बसलेले, आणि हातात वेलबुट्टीचं कार्ड. 'सायंकाळी सहा, शिक्षकांकडे पोहोचणे, चहा.'

"चला की माझ्या घरी," दस्तगीरमामा म्हणाले. मी घुटमळलो. आमच्यासारख्यांनी मुसलमानाच्या घरी उतरावं हे गिरगावातल्या चाळीत कळलं असतं तर चार दिवस नळावर दुसरा विषय निघाला नसता. बाबांनीच माझी अडचण संपवली. ते म्हणाले, "माझ्या गलबतार अर्धे खलाशी मुसलमान. एका टोपातला जेवलंव आमी. चल, भूक लागलीहा."

त्यांचं घर पंचगंगेच्या वाटेवर, दोन खोल्यांचं, समोर सारवलेलं अंगण. दस्तगीरमामांच्या बायकोला सगळी गल्ली चाची म्हणे. चाचींनी पाट मांडले आणि ज्वारीची भाकरी, दही, पिठलं आणि खर्डा (तव्यावर रगडलेली हिरवी मिरची) वाढला. बाबांनी नाक वर करून विचारलं, "म्हावरा नाय?" चाची हसून म्हणाल्या, "जत्रंच्या दिसांत आमच्यात बी मटन मासळी न्हाय शिजत, बाबा. काठ्या दारावरनं जात्यात. त्येस्नी पानी द्यायचं असतंय." मग बाबांनी खर्ड्याचा मोठा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कपाळ घामानं डवरलं, आणि ते अगदी मनापासून म्हणाले, "ह्यात दम हा." कोल्हापूरबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

पहिला दिवस कार्डाप्रमाणे अंबाबाईच्या दर्शनात गेला. एरवी रांग लागते म्हणतात. आम्ही सरळ गाभाऱ्यापर्यंत गेलो. बाबांनी देवळाचे खांब हातांनी चाचपले, कोरलेल्या नक्षीवरून बोटं फिरवली, आणि बराच वेळ एका खांबाला पाठ टेकून बसले. मला वाटलं, माणूस खुशीत येतोय. दुसऱ्या दिवशी बरोबर पाचाला मी त्यांना रंकाळ्याच्या काठी दगडी पायरीवर बसवलं. पाण्यावरून गार झुळूक येत होती. मी घसा साफ केला आणि मिरज, डॉक्टर, मालकांची आई, सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाबांनी हात लांबवून तलावाच्या पाण्यात बोटं बुडवली. मग म्हणाले, "म्हणान माका हयसर हाडलंस?"

मी म्हटलं, हो, त्यासाठीच आणलं.

"डोळे उघडून काय बघू? आगबोटी? माझा गलबत फोडलेला बघलंय मी, तेव्हा डोळे बरे होते. आता काय बघूचा रवला हा?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. "तू कागद छापलंस, बरा केलंस. पण माका ह्यात घालू नको."

परतीच्या वाटेवर मी त्यांचा हात धरून चालत होतो आणि मला रडू येत होतं. उद्या तिसरा दिवस, परवा सकाळी आगगाडी, आणि मिरजेच्या चिठ्ठीवर दिवस नेमलेला. माझ्या कार्डावर पुढचं सगळं रिकामं झालं होतं. घरी पोचल्यावर चाचींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला.

तिसऱ्या दिवशी कार्डावर 'खरेदी' होती. दुकानं बंद. दस्तगीरमामा म्हणाले, "घरात बसून काय अंडी उबवायची हायत का? घाटावर चला. खालच्या अंगाच्या काठ्या आज नदी वलांडणार." खालचं अंग म्हणजे निपाणीकडचा, कानडी मुलखाला लागलेला भाग. बाबा यायला तयार नव्हते. चाचींनी त्यांच्या हातात काठी दिली आणि "जावा बाबा, म्या घर झाडतीया" म्हणून बाहेर काढलं.

पंचगंगेचा घाट माणसांनी भरलेला होता. एका बाजूला महाराजांचे हत्ती पाण्यात लोळत होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. सासनकाठी म्हणजे काय हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आमच्या तीन मजली चाळीइतका उंच बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, टोकाला निशाण. एक गडी तो बुंध्याशी कमरेवर पेलतो आणि नाचतो. बांबू पडू नये म्हणून वरच्या अंगाला चार दोर बांधलेले. त्यांना तोरण्या म्हणतात. प्रत्येक तोरणीवर चारपाच माणसं. हलगी कडाडत होती आणि गुलाल इतका उडत होता, की नदीचं पाणी काठाला गुलाबी झालं होतं.

मी बाबांना एका दगडी दीपमाळेच्या आडोशाला उभं केलं आणि सवयीनं सांगायला लागलो, इकडे काठी, तिकडे दोर. त्यांनी हातानं मला गप्प केलं. त्यांची मान तिरकी झाली होती, जयगडापाशी झाली होती तशी.

"किती दोर हत?"

"चार."

"चारूय एकदम ताणतत. गाढव हत. काठी वाजता ती आयकतंस?"

मला हलगीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात नदीवरून वारा आला. चैत्रात दुपार कलली की असा एक झोत येतो, धूळ उडवत. फडफडणारं निशाण एकदम ताठ झालं आणि काठी घाटाच्या पायऱ्यांकडे कलली. पायऱ्यांवर बाया, लेकरं, म्हातारी माणसं खच्चून बसलेली. बुंधा पेलणारा गडी गुडघ्यावर आला. चारी तोरण्यांवरची माणसं घाबरून आपापल्या बाजूला जीव खाऊन ओढायला लागली, आणि जो तो ओढतो म्हणून काठी मध्येच वाकून कमानीसारखी झाली. बांबूचा करकर आवाज आता मलाही ऐकू आला.

माझ्या हातातला बाबांचा हात सुटला. मी वळलो तोवर ते पुढे गेले होते, गालावर वारा घेत, सरळ नदीच्या बाजूच्या तोरणीकडे. वाटेत दोनतीन माणसांना त्यांनी खांद्यानं बाजूला सारलं. मग जो आवाज आला तो मी लहानपणी मालवणच्या बंदरात ऐकला होता आणि विसरलो होतो. "पायऱ्यांकडचो दोर सोडा! सोडा रे, ढिलो सोडा! वाऱ्याकडचो माका द्या!"

इतक्या गोंगाटात तो आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. भाषा कोकणची, पण हुकूम कुणालाही कळावा असा. पायऱ्यांकडच्या माणसांनी दोर सैल सोडला. बाबांनी नदीकडची तोरणी हातात घेतली, मागे सरत दीपमाळ चाचपली, आणि दोराचा एक वेढा तिच्या दगडाला टाकला. गलबत धक्क्याला बांधताना टाकतात तसा. पाच माणसांना जे पेलत नव्हतं, ते त्या एका वेढ्यानं दगडानं पेललं. काठी थांबली. बाबा बोटांनी दोराचा ताण जोखत होते. झोत जरा उतरला की हातभर ओढायचे, वाढला की नुसतं धरून राहायचे. "थांब. थांब. आता." आगबोटीच्या शिडीवर तिसऱ्या लाटेची वाट पाहिली होती, तसेच. तिसऱ्या "आता"ला काठी सरळ उभी राहिली.

पायऱ्यांवरच्या बायांनी लेकरं उराशी ओढली. मग "चांगभलं" असं उठलं की हत्तींनीसुद्धा सोंडा वर केल्या. काठीचे कारभारी पुढे आले. बसाप्पा त्यांचं नाव, गलमिशावाले, अंगावर घोंगडं. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. तळव्यांची साल दोरानं निघाली होती. "अण्णा, तुमची काठी कुठल्या गावची?"

बाबा म्हणाले, "आमची काठी दर्यात चालता. तिका शीड बांधतत."

बसाप्पांना किती समजलं कोण जाणे. त्यांनी मूठभर गुलाल घेऊन बाबांच्या कपाळाला लावला, उरलेला टोपीवर ओतला, आणि नदीकडची तोरणी परत त्यांच्या हातात दिली. "मग ही तुमची, अण्णा. डोंगरापतोर सोडायची न्हाय." दस्तगीरमामा मागून ओरडत होते, "आमच्या घरचं पावणं हायत की ते! आमच्या घरचं!" त्यांच्या मेंदीच्या दाढीवर गुलाल चढून तिचा रंग कुठला ते कळेनासं झालं होतं.

बाबांनी माझ्या दिशेला तोंड केलं. "तुझ्या कागदार उद्या काय हा?"

"सकाळची आगगाडी," मी म्हटलं.

त्यांनी दोर सोडला नाही. मिरजेचा नेमलेला दिवस डोळ्यांपुढे दिसत होता. तो गेला तर दुसरा कधी मिळेल ठाऊक नव्हतं, आणि मिळून तरी काय, माणूस तयारच नव्हता. पण तीन वर्षांत पहिल्यांदा माझे वडील ताठ उभे होते. मी कार्ड खिशात घातलं आणि दस्तगीरमामांना म्हटलं, "मामा, उद्या जोतिबा. आगगाडी जाऊ द्या."

"आत्ता कसं!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा दणका घातला की मी दोन पायऱ्या खाली गेलो.

डोंगर आम्ही चालत चढलो, दस्तगीरमामाही बरोबर. दमछाक झाली ती माझी. बाबा तोरणी धरून पुढे. वाटेत विसाव्याला काठी आडवी करत, तेव्हा बसाप्पांची माणसं त्यांच्याभोवती बसत आणि ते त्यांना दोराचा वेढा कसा टाकायचा, वारा गालावर कसा ओळखायचा ते शिकवत. ती माणसं कानडी मिसळून बोलत, बाबा मालवणी बोलत, आणि सगळ्यांचं व्यवस्थित चाललेलं असे. माथ्यावर देवळाभोवती शेकडो काठ्या एकदम नाचत होत्या. गुलाल इतका दाट की हातभर पलीकडचं दिसेना. मी बसाप्पांचं धोतर धरून चालत होतो. बाबा कुणालाही न धरता चालत होते.

प्रदक्षिणा झाल्यावर काठी उतरवली. उतरवलेल्या निशाणाच्या पट्ट्या मानाच्या माणसांना प्रसाद म्हणून देतात. बसाप्पांनी त्यातली एक पट्टी बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती चाचपली, कड बोटांत धरून बघितली, आणि मला विचारलं, "वर ह्या कसा दिसत होता?"

मी म्हटलं, "रंग म्हणाल तर गुला..."

"सांगू नको." त्यांनी पट्टी घडी करून कमरेच्या चंचीत ठेवली. मग बराच वेळ डोंगराच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. "दोन दिवस जेचो दोर धरलंय, तेचा टोक माका दिसूक नाय. ह्या काय बरा नाय." आणि अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं, "मिरज खंय इली?"

मी सवयीनं खिशातलं कार्ड काढलं. उत्तर दस्तगीरमामांनी दिलं. "जवळच हाय की. आगगाडीत बसायचं, झोप लागायच्या आत उतरायचं."

मिरजेला आम्ही नेमलेल्या दिवसानंतर पोचलो. कारकुनानं कपाळाला आठी घातली, पण डॉक्टरांनी बाबांच्या गुलालानं रंगलेल्या टोपीकडे बघून विचारलं, "जोतिबा?" आणि आत घेतलं. उजव्या डोळ्याचं काम झालं. नंतर आठ दिवस डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून बाबांना उताणं निजवलं होतं. ते म्हणत, "भरती येवची वाट बघतंय." पट्टी सुटली, जखम भरली, आणि शेवटी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा त्यांच्या नाकावर बसला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "तुझे केस कधी पिकले रे?"

आगगाडीत ते मुंबईपर्यंत खिडकीपासून हलले नाहीत. झाडं, पूल, स्टेशनावरचे कंदील, समोरच्या बाकावरच्या बाईच्या नथीतला मोती, सगळं बघत होते आणि मला सांगत होते. उजवीकडे नदी, डावीकडे डोंगर. मी हूं म्हणत होतो.

मी हा मजकूर घरी बसून लिहितो आहे. कोल्हापूरला जाणाऱ्या वाचकांना काही उपयोगी सांगावं अशी रीत असते, म्हणून सांगतो. आगबोटीतून पडावात उतरताना तिसऱ्या लाटेची वाट पाहा. वहाणा घ्यायच्या असतील तर चैत्र पौर्णिमा टाळा. बाकी कशासाठी टाळू नका. मी तीन दिवसांचा मुक्काम आखला होता, तो मोडला, आणि मोडला म्हणून मला माझा बाप परत मिळाला.

घरी आलो त्या दिवशी सौभाग्यवतींनी विचारलं, "मग, पाहिलं का काही?" बाबांनी चष्मा पुसला आणि चंचीतून ती पट्टी काढली. इतके दिवस त्यांनी ती उघडली नव्हती. खिडकीच्या उजेडात नेऊन उलगडली. मी म्हटलं, "आता सांगू? गुलाबी आहे." मी ती डोंगरावर पाहिली होती, घाटावर पाहिली होती, छातीवर हात ठेवून सांगू शकत होतो.

बाबा हसले. शिडं शिवलेली ती बोटं पट्टीच्या कडेवर गेली, नखानं शिवणीची घडी उकलली, आणि आतला कपडा त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरला. "गुलाल तो वरचो. शिवणीच्या आत बघ. पांढरो हा." मग स्वतःच तो पुन्हा पाहिला, चष्म्याजवळ नेऊन, लांब धरून. "शिडासारखो पांढरो."

आतून निशाण खरंच पांढरं होतं. ते बाबांनी माझ्या आधी पाहिलं होतं.

पट्टी परत चंचीत गेली. "पुढल्या चैताचो कागद छाप," ते म्हणाले. "बसाप्पान दोर राखून ठेवलोहा. आणि ह्या टायमाक पंचांग वाचून छाप."